हौसेचा विषय, हौसेचा पगार?



दर जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, आम्ही आठ-दहाजणी कुणातरी एकीच्या घरी जमतो. सगळ्या चित्रकलेच्या बाई. तालुक्याच्या गावात आणि आसपासच्या शाळांत शिकवणाऱ्या. दोघीतिघी कायम नोकरीतल्या, एक निवृत्त, बाकीच्या तासिका तत्त्वावर. येताना प्रत्येकीच्या पिशवीत गेल्या वर्षीचं उरलंसुरलं असतं. अर्ध्या भरलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या, कार्डशीटचे तुकडे, केस झडलेले ब्रश, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. सतरंजीवर सगळं मांडायचं आणि वाटून घ्यायचं. ज्या शाळेत मुलं जास्त आणि साहित्य काहीच नाही, तिथल्या बाईंना आधी. मग चहा होतो, गप्पा होतात. वर्षभर पुरेल असा धीर घेऊन आम्ही घरी जातो.

या रविवारचा मला अभिमान आहे. तरीही आज त्याच्याबद्दल थोडं कडू लिहिणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातली एक मैत्रीण बाळंत झाली. ती दोन शाळांमध्ये तासिकेवर शिकवते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. रजा हा शब्द तिच्या कागदावर कुठंच नाही. चार महिने गैरहजर राहिली तर जागेवर दुसरी येणार हे उघड होतं. म्हणून आम्ही तिचे तास वाटून घेतले. ज्यांना आठवड्यात मोकळे दिवस होते त्या एसटीनं जाऊन तास घेऊन यायच्या. मिळालेलं मानधन आम्ही तिच्या हातात दिलं. एसटीचं भाडं आमचं आम्ही घातलं. चार महिन्यांनी ती परत रुजू झाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

त्यानंतर त्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक मला भेटले. अगदी कौतुकानं म्हणाले, "तुमचं बायकांचं बरं असतं. एकमेकींचं भागवून घेता. आम्हाला काही बघावंच लागत नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण ते खरं होतं. तिची बाळंतपणाची रजा शाळेनं दिली नव्हती, शासनानंही नाही, ती आम्ही बायकांनी भरली होती. आणि आमच्यापैकी एकीनंही शाळेकडे साधा अर्ज केला नव्हता. सन २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं होतं, की कायम नसलेल्या कामगार बाईलाही बाळंतपणाचे लाभ नाकारता येणार नाहीत. तासिकेवरच्या शिक्षिकेला हे कसं लागू होतं, असा वाद शाळा घालेल. घालू दे. पण वाद व्हायलासुद्धा आधी अर्ज हवा. आमची सोय झाली होती, म्हणून आम्ही मागितलंच नाही.

कलेच्या विषयाची काटछाट कशी होते ते बघा. 'उद्यापासून चित्रकला बंद' असा हुकूम कुणी काढत नाही. कायमच्या बाई निवृत्त होतात, त्यांची जागा भरली जात नाही. संच मान्यतेत पद बसत नाही असं सांगतात. मग तासिकेवर कुणीतरी येतं. चित्रकलेच्या खोलीत संगणक येतात, नाहीतर जुने बाक. साहित्याचे पैसे नाहीत म्हणतात. परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला जातो. २०१७ साली वेळापत्रकातच कलेच्या तासिका कमी करण्याचा निर्णय झाला, तेव्हा राज्यभरच्या कलाशिक्षकांनी आवाज उठवला. पण न भरलेल्या जागेविरुद्ध मोर्चा कसा काढायचा? ती एकेका शाळेत, एकेक करून, मुकाट्यानं जाते.

यात कायद्याचाही हात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक द्यायला सांगितलं आहे. पण ते शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेलाच, आणि तेही अंशकालीन. म्हणजे मुलाला कलेचा हक्क मिळाला, पण शिकवणारीला पूर्ण नोकरी नाही. लहान गावातल्या, कमी पटाच्या शाळेतल्या मुलीला तर तोही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं लिहिलं आहे. भिंत पाडायची तर पलीकडे कुणीतरी उभं असायला हवं ना?

स्त्री-चळवळीनं या प्रश्नाकडे का बघावं, असं काहीजणी विचारतील. आमच्यात पुरुष शिक्षकही आहेत आणि तासिकेवरच्या पुरुषाचीही परवडच होते. पण एक शब्द नीट ऐका : 'हौस'. चित्रकला हा हौसेचा विषय, असं संस्थाचालक म्हणतात. आणि बाई नोकरी करते ती हौसेनं, घर काय नवऱ्याच्या पगारावर चालतं, असंही तेच म्हणतात. दोन्ही हौशी एकत्र आल्या की पगार मागायला तोंडच उरत नाही. 'मानधन' हा शब्दही तिथूनच येतो. अंगणवाडीतल्या मैत्रिणी हा शब्द आमच्याआधीपासून ओळखतात. मान म्हणून धन दिलं की हक्क म्हणून वेतन द्यावं लागत नाही. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तो कुणी आपण होऊन दिलेला नाही, बायका कोर्टाच्या पायऱ्या चढल्या म्हणून मिळाला.

आणि हौसेचा विषय म्हणताना शाळा त्याचा फायदा मात्र घेतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं आम्ही बसवतो. शाळा सुटल्यावर, रविवारी, बिनपैशाचे जादा तास घेतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या गुणांनी शाळेचा निकाल उजळतो. फलकावर मुलांची नावं लागतात, शाळेचं नाव होतं. बाईंच्या जादा तासांची नोंद कुठंच नसते.

मुलींचं काय जातं, तेही सांगते. 'माझं घर' असा विषय दिला की सातवीतली एखादी मुलगी सगळ्यांचे चेहरे काढते आणि आईला ओट्यापाशी पाठमोरी उभी करते. विचारलं तर म्हणते, "आई अशीच दिसते." असं बोलणं इतर तासांना कुठं होतं? शाळेतला तास गेला की चित्रकला खाजगी क्लासात जाते, आणि फी भरून क्लासला कुणाला पाठवायचं हे घरोघरी कसं ठरतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग आम्ही एकमेकींना मदत करणं थांबवायचं का? मुळीच नाही. तो रविवार नसता तर आमच्यातल्या निम्म्याजणींनी केव्हाच नोकरी सोडली असती. पण आपली मदत ही शासनाच्या फाटक्या झोळीला लावलेलं ठिगळ होऊ नये. बाईनं घरात फुकट राबावं आणि त्याला प्रेम म्हणावं, याविरुद्ध आपण इतकी वर्षं बोललो. मग शाळेत फुकट राबून त्याला मैत्री कसं म्हणायचं?

म्हणून गेल्या जूनपासून आम्ही त्या सतरंजीवर एक वही ठेवली आहे. कुणी किती रंग, किती कागद पदरचे घातले, किती जादा तास घेतले, एकमेकींचे किती तास सांभाळले, सगळं तारखेनिशी लिहायचं. वर्षाअखेर त्याची बेरीज करून मुख्याध्यापकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायची आणि पोच घ्यायची. पैसे लगेच मिळतील अशा भ्रमात आम्ही नाही. पण 'आम्हाला काही बघावंच लागत नाही' हे वाक्य यापुढे कुणाला म्हणता येऊ नये.

तासिकेवरच्या मैत्रिणी सहीला भितात. त्यांचं भय खरं आहे, त्याला भित्रेपणा म्हणू नका. सही कायम नोकरीतलीनं करावी, निवृत्त बाईंनी करावी, आणि तुमच्यासारख्या स्त्री-संघटनांनी करावी. तालुक्यात कलाशिक्षकांची किती पदं मंजूर, किती रिकामी आणि केव्हापासून, हे २००५ च्या माहिती अधिकारात कुणीही नागरिक विचारू शकते. त्यासाठी शिक्षिका असावं लागत नाही. तासिकेवरच्या बाईला लेखी नेमणूकपत्र मिळालं का, हे विचारा. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तात्पुरत्या कामावरच्या बाईलाही लागू आहे. तिच्या शाळेत समिती आहे का आणि तिला ते माहीत आहे का, हेही विचारा.

आमच्या वहीत पहिल्या पानावर आम्ही त्या चार महिन्यांचा हिशेब मागाहून लिहिला आहे. तास, तारखा, एसटीचं भाडं. ज्या मैत्रिणीसाठी ते केलं तिनंच तो आपल्या अक्षरात लिहिला. आधी तिला ओशाळं वाटलं. म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी केलंत, त्याचा काय हिशेब करायचा?" आम्ही म्हटलं, "तुझ्या नावावर नाही, शाळेच्या नावावर मांड."

तुमच्या गावातल्या चित्रकलेच्या, गाण्याच्या, शिवणाच्या बाईंना एकदा भेटा. त्यांच्याकडे अशी वही नसेल तर एक घेऊन जा. आणि काय कळलं ते आम्हाला जरूर कळवा.