मे महिन्यातले तेल

टेरी टॉवेलच्या यंत्रमागाखाली वाकून पाहिले, की तेल दिलेल्या प्रत्येक जागी सुताची लव चिकटून काळा राप बसलेला दिसतो. सोलापूरच्या मागवाल्याला हे नवीन नाही. बंदुकीतही तेच घडते, फक्त लवेच्या जागी धूळ असते. सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 10 आहे, शहरात पोलीस मुख्यालयाचे शस्त्रागार आहे आणि खेड्यांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बाराबोर आहेत. माती सगळ्यांना एकच.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पातळ तेल ओघळून जाते. उरलेले धूळ आणि काजळी धरून बसते. बोल्ट मागे ओढताना जी खरखर हाताला लागते, ती याचीच. अशा वेळी कोरडे वंगण हा शहाणपणाचा पर्याय आहे. पण आर्मरर मंडळींत त्याच्याविषयी भाबडेपणाही बराच आहे.

बाजारात मुख्यतः तीन पदार्थ मिळतात: ग्रॅफाइट, मॉलिब्डेनम डायसल्फाइड म्हणजे मॉली, आणि पीटीएफई. ग्रॅफाइट आणि मॉली दोन्ही थरांचे. एक थर दुसऱ्यावरून घसरतो, म्हणून घर्षण कमी होते. स्वभाव मात्र उलटे. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले ग्रॅफाइटचे ब्रश भराभर झिजू लागले, तेव्हा लक्षात आले की ग्रॅफाइटचा घसरडेपणा हवेतल्या बाष्पावर अवलंबून आहे. मॉलीला उलट बाष्प सोसत नाही. कोरड्या हवेत, अगदी निर्वातातही, तिचे काम उत्तम चालते. म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात मॉली शोभते. सप्टेंबरात, जेव्हा इथला खरा पाऊस पडतो, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नये.

ग्रॅफाइटची आणखी एक खोड. ॲल्युमिनियमला ते लागून राहिले आणि ओल मिळाली, की धातू खाल्ला जातो. पोलादी एसएलआरला ते चालून जाईल. ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या पिस्तुलाला नको.

कोरडे वंगण साफसफाई करत नाही, आणि गंजापासून फारसे वाचवतही नाही. काजळीवर फवारलेली मॉली म्हणजे न झाडलेल्या जमिनीवर घातलेली चादर. 23 मार्च 2003 रोजी इराकमधल्या नासिरियात अमेरिकेच्या 507व्या मेंटेनन्स कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा अनेकांची शस्त्रे अडली. वाळवंटात शस्त्रांची रोजची निगा अपुरी पडली असावी, असे अमेरिकी लष्कराच्या अहवालाने नोंदवले.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. शस्त्र रिकामे करून, चेंबर बोटाने चाचपून मगच ते उघडावे. ब्रश, फुलथ्रू आणि चिंदी यांनी काजळी काढावी, सॉल्व्हंटने जुने तेल पूर्ण उतरवावे आणि भाग सुकू द्यावा. मग पातळ फवारा मारावा, वाहक द्रव उडून गेला की जादा भुकटी पुसावी. फायरिंग पिनची खोबण आणि मॅगझिनचा आतला भाग या कोरड्या वंगणाच्या हक्काच्या जागा आहेत. तिथे जुने तेल घट्ट झाले की पिनचा ठोका हलका पडतो. चेंबरला आणि काडतुसांना मात्र कुठलेच वंगण नको, कारण काडतूस भिंतीला धरून न राहता बोल्टवर मागे जोर वाढवते. नळीला आणि बाहेरच्या पोलादाला गंजरोधक तेलाचा हलका हातच बरा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा केलेली बंदूक महिनोन्महिने उभी असते. जमा करताना तिला तेलच द्यावे आणि परत मिळाल्यावर ते आधी उतरवावे. घरचे खोबरेल वापरणाऱ्यांना तर हात जोडून सांगावेसे वाटते: ते 24 अंशांच्या आसपास गोठते, आणि सोलापूरची हिवाळी रात्र त्याहून बरीच थंड असते.

राहिला एक जिव्हाळ्याचा विषय. खंडेनवमीला मागांबरोबर शस्त्रांचीही पूजा होते, आणि हळदकुंकू तेलकट ॲक्शनमध्ये उतरते. पुढे कित्येक दिवस चिंदी लाल निघते. यंदा कुंकवाचे बोट दस्त्याला लावा, बोल्टला नको.