सुटका झाली, पुढे काय?

जाळ्यात अडकलेलं कासव, जाळं कापणारे चार-पाच जण आणि शेवटी टाळ्या. असा रील तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल, लाइकही केला असेल. पण रील संपल्यावर त्या कासवाचं काय होतं? पोहायचा पायच कापला गेला असेल, तर ते लगेच समुद्रात सोडून चालत नाही. त्याला खाऱ्या पाण्याची टाकी लागते, डॉक्टर लागतो, औषधं लागतात आणि कधीकधी बरं व्हायला महिनेही लागतात. सुटका करणारे हात गावोगावी आहेत, कमी पडते ती जागा.

रायगडच्या किनाऱ्याकडे या नजरेने बघा. दिवेआगर, हरिहरेश्वरला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. जून 2015 मध्ये रेवदंड्याला 42 फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला, पण तो वाचला नाही. एवढ्या मोठ्या जिवाला कुठलंच केंद्र पुरलं नसतं, हे खरं. कासव, समुद्रपक्षी किंवा जखमी कोल्ह्याचं तसं नाही. त्यांच्यासाठी एक टाकी आणि चार पिंजरेही जगणं-मरणं ठरवतात.

सरकार काहीच करत नाही, असंही नाही. डिसेंबर 2018 पासून संरक्षित समुद्री जीव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. म्हणजे सुटकेची सोय झाली, उपचारांची मात्र सगळीकडे नाही. जिथे झाली, तिथे मार्ग सारखाच दिसतो. डहाणूत कासवांचं उपचार केंद्र वनविभाग आणि स्थानिक स्वयंसेवी संस्थेच्या साथीने उभं राहिलं. 2007 मध्ये सुरू झालेली पुण्याची ‘रेस्क्यू’ संस्था आज बावधनला वनविभागाच्या जोडीने वन्यजीव उपचार केंद्र चालवते.

वनविभाग कशाला हवा, असं वाटेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जखमी वन्यप्राणी कुणालाही मनाने घरी ठेवता येत नाही. वनखात्याला कळवावं लागतं, उपचारही त्यांच्या परवानगीनेच होतात. शिवाय बचाव केंद्र हे प्राणिसंग्रहालय नव्हे. तिथे तिकीट लावून प्राणी दाखवायचे नसतात. प्राण्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण त्यामुळे केंद्राला स्वतःची कमाई नसते. सगळा डोलारा देणगीवर.

त्यात जागेचा प्रश्न. कासवासाठी खारं पाणी हवं म्हणून केंद्र किनाऱ्याजवळ हवं, तर किनाऱ्यावर सीआरझेडचे निर्बंध. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, मुंबई आणखी जवळ आली. सेकंड होमवाल्यांच्या या किनाऱ्यावर हौशी गटाने जमीन विकत घ्यायची म्हणजे अवघडच.

मग पैसा आणायचा कुठून? पहिलं नाव येतं सीएसआरचं. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि त्यात वन्यजीव रक्षणही बसतं. पण बाहेरच्या संस्थेला हा निधी घ्यायचा तर नोंदणी हवी आणि त्याच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालणारा गट इथेच अडकतो. लोकांच्या देणगीला 80जीची करसवलत असते, पण नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. त्यामुळे पहिली नोकरी लागलेल्या तुमच्या ताईला ‘टॅक्स वाचेल’ हे सांगून उपयोग नाही.

खरी मेख पुढेच आहे. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण भिंतीवर नावाची पाटी लागते. रोजची मासळी, वीज, औषधं आणि रात्रपाळीच्या माणसाचा पगार यांवर कुणाचं नाव कोरता येत नाही. उद्घाटनाला फीत कापली जाते, तेराव्या महिन्यात बिल थकतं. म्हणून निधी उभारताना बांधकामाइतकाच चालवण्याचा खर्च मागायला हवा, अगदी पहिल्या दिवसापासून.

इथे तुम्ही कामाला येता. पुढच्या वेळी असं आवाहन फोनवर आलं, तर पैसे पाठवण्याआधी विचारा: संस्था नोंदणीकृत आहे का? वनविभागाशी लेखी करार आहे का? डॉक्टर कोण? वर्षाचा खर्च किती आणि हिशेब कुठे बघायला मिळेल? सरळ उत्तरं मिळाली, तर एकदाच 500 देण्यापेक्षा दरमहा 50 द्या. कॉलेजमधल्या 200 जणांनी एवढं केलं, तर महिन्याला 10 हजार, वर्षाला 1 लाख 20 हजार होतात. पैसे नसतील तर कॉमर्सवाल्यांनी हिशेब लिहावेत, एनएसएसच्या पोरांनी पाळ्या लावून घ्याव्यात.

या कामाचा रील व्हायरल होणार नाही. पण कासव पुन्हा समुद्रात जाईल की नाही, हे त्यावरच ठरेल.