आधी निदान, मग पाना

ताप आलेल्या मुलाला न तपासताच चार औषधे एकदम देणाऱ्या डॉक्टरवर तुम्ही विश्वास ठेवाल का? जुन्या मोटारीच्या ब्रेकबाबत मात्र आपण हेच करतो. ब्रेक नीट लागत नाहीत? मग मास्टर सिलिंडर बदला, लायनर बदला, ऑइलही बदला! दोष गेला तरी तो कशात होता ते कळत नाही. आणि राहिला, तर ऐन घाटात कळतो.

प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घ्या. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. तुमच्या पुस्तकातला पास्कलचा नियमच त्यांत राबतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दाब द्रवातून सर्व चाकांपर्यंत पोचतो आणि ब्रेक शू ड्रमला आतून घासतात. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा सहज दाबली जाते. निदानाची किल्ली हीच.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढेमागे दगड लावा. इंजिन बंद ठेवून पेडल दाबा. ते स्पंजासारखे लागले, तर नळ्यांत हवा आहे. पहिल्यांदा खोल गेले पण दोनतीनदा दाबल्यावर वर येऊन कडक झाले, तर शू झिजून ड्रमपासून दूर राहत असण्याचा संभव अधिक. आता पेडल मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली जाते का? मग द्रव कुठेतरी निसटतो आहे. नळ्यांचे सांधे आणि चाकांच्या आतल्या बाजू ओल्या असतील, तर गळती बाहेर आहे. सगळे कोरडे आणि टाकीतली पातळीही कायम, तर संशय मास्टर सिलिंडरमधल्या रबरावर!

हवा काढण्याचे काम दोघांचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचे निपल सैल करून पारदर्शक नळीतून बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे, निपल घट्ट करायचे आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. मधूनमधून टाकी भरत राहायची.

ब्रेक ऑइल नावाचेच ऑइल. त्यात इंजिनचे तेल पडले तर रबर फुगते. शिवाय ते हवेतले बाष्प शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशच धरली आहे. लांब उतारावर ब्रेक तापले की अशा द्रवाची वाफ होते, आणि पेडल पोकळ लागते!

‘दोनदा पाय मारला की लागतो ब्रेक,’ असे म्हणून गाडी चालवणारे पुष्कळ भेटतात. हा दिलासा फसवा आहे. अडचणीच्या क्षणी दुसऱ्यांदा पाय मारायला सवड नसते.

निदान तुम्ही करा; ड्रम किंवा सिलिंडर उघडायचा तो जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ कधीही फुंकू नका. दुरुस्तीनंतर पेडल कडक होऊन टिकल्याखेरीज गाडी हलवू नये.

शिक्षकांनाही एक विनंती. पास्कलचा नियम फळ्यावर शिकवून झाला की वर्गाला उभ्या असलेल्या जुन्या गाडीपाशी न्या. ‘पेडल खाली का गेले?’ एवढेच विचारा. एका लक्षणाची दोन कारणे सुचवणे आणि एका साध्या कसोटीने त्यांतले एक बाद करणे ज्याला जमले, त्याला विज्ञानाची पद्धत कळली. तिथे चुकीच्या उत्तराने नुसते गुण जात नाहीत, माणूस जाऊ शकतो.