बंद खिडकीआडची हवा

चेंबूरला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या मुलाला दम्याचा त्रास आहे. गेल्या हिवाळ्यात ‘मामा, हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यायचंय, तुम्ही बरोबर चला’ म्हणून ती मला दुकानात घेऊन गेली. विक्रेत्याने सर्वांत आधी पुढे केले ते आयनायझरचे यंत्र. थंड हवेच्या ठिकाणची हवा घरात येईल, असे तो म्हणाला. अशा काही यंत्रांतून ओझोन बाहेर पडतो आणि दमेकऱ्याच्या छातीला तो बाधतो, हे मात्र त्याने सांगितले नाही.

खरा शत्रू म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. आपले २००९ चे मानक आहे ४०! हे कण अडवते ‘हेपा’ गाळणी, ०.३ मायक्रॉनचे कणही ती ९९.९७ टक्के रोखते. पण गाळणी उत्तम असून भागत नाही. यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देते, तो ‘सीएडीआर’चा आकडा पाहावा लागतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासातून पाच वेळा गाळायची तर १७० घनमीटर हवेत. गोम अशी, की खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि त्या घरघरीत लेकरू झोपत नाही. वेग कमी केला की आकडाही घसरतो. म्हणून आम्ही तीनशेच्या घरातले यंत्र घेतले. नव्या गाळणीची किंमत आधी विचारून. घरातली डासांची कॉइल मात्र त्याच दिवशी बंद झाली. तिला एक पैसाही लागला नाही!

पण मूल खोलीबाहेर पडणारच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने बांधकामांभोवती पत्रे, झाकण्याचे कापड, पाण्याची फवारणी सक्तीची केली. ज्याच्यापाशी पैसे आहेत त्याने खिडकी लावून घ्यावी आणि इतरांनी खोकावे, अशी वाटणी नागरी कारभारात बसत नाही. शिवाय खिडकी लावून घेणाऱ्याच्याही मुलाला शाळेत जावेच लागते.

भाचीच्या इमारतीसमोर टॉवर उभा राहतो आहे. त्याचे हिरवे कापड एका अंगाने फाटले आहे. तिने वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, पोच मिळाली. परवा तिने फोनवर सांगितले, कापड अजून तसेच आहे; ती पुन्हा जाणार आहे, या खेपेस शेजारच्या चौघींना घेऊन.