पाण्याचा रिपोर्ट नळावर काढा



पावसाळ्यात आमच्या मोहन्यातल्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आमच्या बिल्डिंगमध्ये तिघांना कावीळ झालीय. पाण्यातून झाली असेल का?" मी विचारतो, "टाकी कधी धुतली होती?" उत्तर ठरलेलं असतं: "दर तीन महिन्यांनी धुतात. रजिस्टर आहे ना!"

असं एक रजिस्टर मी स्वतः पाहिलं आहे. तारखा वेळच्या वेळी, सह्याही जागच्या जागी. फक्त सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसत होत्या. टाकीचं झाकण उघडलं तर तळाशी बोटभर गाळ. कागदावर मात्र ती टाकी शंभर टक्के स्वच्छ होती.

आज औषधांऐवजी या कागदावरच्या आकड्यांबद्दल बोलायचं आहे. ऑफिसात ज्याला 'केपीआय' म्हणतात, म्हणजे कामगिरीचे निर्देशक, ते आता नगरपालिका, पाणीपुरवठा, वीज, रुग्णालयं अशा सगळीकडे आले आहेत. ते असावेत असंच माझं मत आहे. पण ते कुठे मोजायचे आणि कशासाठी, यात आपण चुकतो. त्याची किंमत शेवटी पेशंट मोजतो.

दोन दिवसांचं पथ्य

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत शुगर वाढलेली दिसली की मी पेशंटला ओरडायचो. त्याचा परिणाम काय झाला? लोक तपासणीच्या आधी दोन दिवस भात बंद, चहा बिनसाखरेचा, असं कडक पथ्य करून येऊ लागले. उपाशीपोटीची शुगर सुंदर यायची. मी खूश, पेशंट खूश. पण पायांची आग आणि डोळ्यांपुढची अंधारी वाढतच होती.

पुढे एचबीए१सी ही तपासणी सर्रास होऊ लागली. ती साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. दोन दिवसांच्या पथ्याने ती फसत नाही. त्या रिपोर्टमुळे मला दोन गोष्टी कळल्या. एक, सहज सजवता येईल असा आकडा निवडला तर माणसं तो सजवतात. दोन, आकडा वाईट आला म्हणून ओरडलं तर पुढच्या वेळी खरा आकडा आपल्यापर्यंत येतच नाही.

संस्थांचंही असंच असतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल बोलताना जवळपास हेच निरीक्षण मांडलं होतं. एखाद्या मापावरच सगळा दबाव टाकला की ते माप विश्वासाचं राहत नाही.

मोजण्याने जीव वाचतात

म्हणून मोजणंच सोडून द्यायचं का? नाही. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन खाजगी कंपन्या पाणी पुरवायच्या आणि त्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत होते. लॅम्बेथ कंपनीने आपली पाणी उचलण्याची जागा १८५२ मध्ये थेम्स नदीच्या वरच्या बाजूला, शहराच्या सांडपाण्यापासून दूर नेली होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलंच घाण पाणी उचलत होती.

डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याने मृत्यू झालेल्या घरांची चौकशी करून कुठल्या घराला कोणाचं पाणी येतं ते शोधलं. दर १०,००० घरांमागे साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या घरांत ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या घरांत ३७. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकशास्त्राला माहीत नव्हता. तरी एका साध्या तुलनेने दिसलं की कोणती पाणी कंपनी माणसं मारते आहे. कंपनीच्या कागदांवर न थांबता त्यांनी ग्राहकाच्या घरी जाऊन मोजलं.

आपल्यालाही हा विषय परका नाही. उल्हास नदीचं पाणी आपल्या शेजारीच मोहिलीला उचललं जातं, शुद्ध होतं आणि कल्याण-डोंबिवलीच्या घरांत जातं. नदीवरची जलपर्णी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सांडपाण्यातलं खत मिळालं की ती फोफावते. म्हणजे तीही एक प्रकारे नदीचा रिपोर्टच आहे.

सरकारी रिपोर्टमध्ये काय असतं?

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरांच्या सेवांसाठी २८ निर्देशक ठरवले. त्यांतले ९ पाणीपुरवठ्याचे आहेत. त्यांतली काही उद्दिष्टं अशी: माणशी दररोज १३५ लिटर पाणी, २४ तास पुरवठा, सगळ्या जोडण्यांना मीटर, हिशेबात न येणारं पाणी जास्तीत जास्त २० टक्के, पाण्याचे सगळे नमुने दर्जात उत्तीर्ण आणि ८० टक्के तक्रारींचं निवारण.

२४ तास पाणी ही चैन वाटेल. पण डॉक्टर म्हणून मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब पडतो. पाइपाला बारीक तडा असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर घाण आत ओढली जाते. पाणी आल्यावर पहिली बादली गढूळ का येते, त्याचं हे एक कारण आहे. आणि २४ तास म्हणजे उधळपट्टी असंही नाही. कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर लावून आणि जास्त वापराला चढा दर ठेवून हे करून दाखवलं.

त्या २८ निर्देशकांतली एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक आकड्याला ए ते डी अशी विश्वासार्हतेची श्रेणी द्यायची असते. मीटरवर मोजलं की अंदाजाने लिहिलं, हे त्यातून कळतं. आम्ही डॉक्टर लॅब बघून रिपोर्टवर किती विसंबायचं ते ठरवतो, तसंच हे. पण बातमीत आकडा छापून येतो, श्रेणी गळून जाते.

माझं मत

पहिलं म्हणजे, सरासरीवर समाधान मानू नका. वॉर्डात एका पेशंटला १०४ ताप असेल आणि दुसरा गार पडत असेल, तर दोघांची सरासरी नॉर्मल येईल. एका संकुलात माणशी २०० लिटर आणि मागच्या चाळीत ७० लिटर आलं, तर सरासरी बरोबर १३५. उद्दिष्ट पूर्ण! म्हणून सरासरीच्या शेजारी सगळ्यात कमी पाणी मिळणाऱ्या वस्तीचा आकडा छापला पाहिजे.

दुसरं, मोजमाप शेवटच्या नळावर व्हावं. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलंच निघत असेल, पण आपण केंद्रात पाणी पीत नाही. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात सापडता कामा नये. भारतीय मानक ब्युरोने २०१९ मध्ये शहरांतल्या नळांचे नमुने तपासले, तेव्हा मुंबईचे दहाही नमुने सर्व निकषांवर उतरले आणि दिल्लीचे अकराही नापास झाले. नळावर तपासल्यामुळेच हा फरक दिसला. अर्थात दहा नमुने म्हणजे अख्खं शहर नव्हे. ही तपासणी प्रत्येक प्रभागात दर आठवड्याला व्हावी आणि निकाल लोकांना दिसावा.

तिसरं, पाणी खातं आणि आरोग्य खातं यांचे आकडे एका कागदावर यावेत. हिपॅटायटिस ए ची कावीळ दूषित पाणी प्यायल्यावर २ ते ६ आठवड्यांनी दिसते. म्हणजे मी आज काविळीचे पेशंट मोजतो, तेव्हा महिन्यापूर्वीचं पाणी मोजत असतो. नळावरचं क्लोरीन मात्र आजचं पाणी सांगतं. क्लोरीन शून्य म्हणजे लगेच आजार होईलच असं नाही. पण वाटेत घाण शिरली तर तिला मारायला काही उरलेलं नाही, हा इशारा त्याच दिवशी मिळतो. दोन्ही आकडे गल्लीनुसार शेजारी ठेवले, तर साथ पसरण्याआधी फुटलेला पाइप सापडेल.

चौथं, तक्रार मिटली की नाही हे तक्रार करणाऱ्याने ठरवावं. ताप उतरला का, हे आम्ही पेशंटला विचारतो, कंपाउंडरला नाही.

पाणी खात्यात काम करणारे माझे काही पेशंट म्हणतात, "डॉक्टर, तक्ते भरण्यातच दिवस जातो, पाइप कधी दुरुस्त करायचा?" त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून निर्देशक थोडे असावेत, आणि वाईट आकडा कळवणाऱ्याला आधी शिक्षेऐवजी माणसं आणि पैसा मिळावा. क्लोरीन शून्य लिहिलं म्हणून नोटीस मिळणार असेल, तर कोणीही शून्य लिहिणार नाही. खोटी नोंद करणाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे कारवाई हवीच.

तुम्ही काय करू शकता?

* सोसायटीने क्लोरीन तपासायचा छोटा संच घ्यावा. टाकीऐवजी थेट लाइनच्या नळाचं पाणी घ्या, आधी थोडं वाहू द्या. ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांनी पिवळा किंवा डीपीडी गोळीने गुलाबी रंग येतो, तो पट्टीशी जुळवा. तपासलेलं पाणी पिऊ नका, फेकून द्या.
* तारीख, पाणी आल्याची-गेल्याची वेळ आणि क्लोरीन एका वहीत लिहा. "पाणी खराब येतं" या तक्रारीपेक्षा "आठ दिवसांत पाच वेळा क्लोरीन शून्य" ही तक्रार टाळणं कठीण जातं.
* टाकी धुताना समितीतल्या एकाने समोर उभं राहावं, धुण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढावा.
* क्लोरीन नसेल किंवा पाणी गढूळ असेल, तर पाणी गाळून उकळा आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच राहू द्या.
* एकाच इमारतीत दोन-तीन जणांना जुलाब, टायफॉइड किंवा कावीळ झाली तर आपल्या डॉक्टरांना आणि पालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवा. काविळीवर गळ्यात माळ घालून वेळ घालवू नका. उलट्या थांबत नसतील, गुंगी येत असेल किंवा पेशंट गरोदर असेल तर लगेच रुग्णालयात न्या.

त्या सोसायटीने पुढे नवीन वही केली. आता सहीसोबत फोटो चिकटवतात आणि क्लोरीनचा आकडा लिहितात. परवा त्यांचे सेक्रेटरी वही घेऊन दवाखान्यात आले होते. दोन ठिकाणी शून्य लिहिलेलं होतं. त्यांना जरा संकोच वाटत होता. मी म्हटलं, "काका, ही वही मला जुन्या रजिस्टरपेक्षा जास्त आवडली." मग त्यांच्यासमोरच पालिकेच्या आरोग्य केंद्राला फोन लावला.

काळजी घ्या, पाणी तपासून प्या.