किल्ला पाहायला जपान कशाला?

आमच्या ओळखीतले एक म्हापसेकर गृहस्थ मध्यंतरी जपान फिरून आले. मोबाईलवर दीडदोनशे फोटो. हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला, शेजारची कोको-एन बाग, तळ्यातले लाल मासे. सगळं दाखवून झाल्यावर सुस्कारा सोडून म्हणाले, "आपल्याकडे असं काही नाही हो!"

मी विचारलं, "बेळगावचा किल्ला पाहिलात?"

"तो बसस्टँडजवळचा खंदक ना?"

हे गृहस्थ वर्षातून चारदा चोर्ला घाट चढतात. दवाखाना, लग्नाचा बस्ता, कुंदा. प्रत्येक वेळी खंदकाला वळसा घालून माघारी. हसू नका, चाळिशी उलटेपर्यंत मीही तेच केलं. एकदा डॉक्टरांच्या नंबराला तीन तास होते म्हणून सहज आत शिरलो, आणि स्वतःचीच लाज वाटली.

आत कमल बस्ती आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली बांधलेलं जैन मंदिर. मंडपात उभं राहून मान वर करा, छतातून दगडाचं कमळ खाली झुकलेलं दिसेल. थोडं पुढे गेलं की असदखानाने १५१९ च्या सुमारास उभारलेली सफा मशीद. हा असदखान आपल्याला परका नाही. १५४३ साली बारदेश आणि सासष्टी पोर्तुगिजांच्या पदरात पडले, त्या राजकारणातला हा मोठा खेळाडू. याच किल्ल्यात रामकृष्ण आश्रम आहे. विवेकानंद १८९२ मध्ये इथे राहिले आणि इथूनच गोव्यात आले. म्हणजे आपल्या इतिहासाचं एक दार इथे उघडतं, आणि आपण बाहेर कुंदा खात बसतो!

आता थोडं कडू बोलतो. सीमाप्रश्नावर आपण गोव्यातले मराठीवाले तावातावाने बोलतो. १९५६ ची पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, निपाणी कुणाची, बेळगाव कुणाचं, २००४ पासूनचा सुप्रीम कोर्टातला दावा, सगळं तोंडपाठ. बेळगाव आपलं हे माझंही मत आहे. पण ज्याला आपलं म्हणतो ते एकदा डोळ्यांनी पाहायला नको? कानडी शिलालेख, जैन मंदिर, आदिलशाही मशीद, मराठ्यांकडून १८१८ साली इंग्रजांनी घेतलेला कोट. असा किल्ला कुणाच्याच घोषणेत बसत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणाचाच घसा कोरडा पडत नाही. उलट जवळच्या राजहंसगडावर काय झालं? मार्च २०२३ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, शिवरायांच्या एकाच पुतळ्याचं एकाच आठवड्यात दोनदा अनावरण! एकदा सत्ताधाऱ्यांकडून, एकदा विरोधकांकडून. महाराज सगळ्यांना हवेत, गडाची डागडुजी कुणाला हवी आहे?

कुणी म्हणेल, बेळगावच्या किल्ल्यात लष्कर आहे, काय करणार? अहो, हिमेजीतही लष्करच होतं. जुने किल्ले पाडून टाकण्याचे ते दिवस. तेव्हा १८७८ मध्ये नाकामुरा शिगेतो नावाच्या एका कर्नलनेच तो वाचवावा म्हणून वरिष्ठांकडे धरणं धरलं. किल्ल्यात त्याच्या नावाचा दगड आजही उभा आहे. आणि ज्या बागेचे फोटो पाहून आपण हळहळतो, ती कोको-एन बाग काही चारशे वर्षांची नाही. जुन्या वाड्यांच्या जागेवर उत्खनन करून ती १९९२ मध्ये उघडली. वारसा आयता मिळत नाही. तो रोज झाडून पुसून ठेवावा लागतो.

आणि लांब कशाला, आपला रेईश मागूशचा किल्ला पाहा. पडझड झालेला तो किल्ला दुरुस्त होऊन २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला. मनात आणलं तर आपल्यालाही जमतं.

तेव्हा जपानला जरूर जा. पण पुढच्या खेपेला बेळगावात उतरलात तर दुकानं उघडण्याआधी तासभर काढा. खंदक ओलांडून आत जा, पोरांना सोबत न्या, त्या कमळाखाली उभं करा. मग बेळगाव कुणाचं यावर खुशाल भांडू. भांडणाआधी निदान घर तरी पाहिलेलं असेल.