दारची फुले, घरचे सांडपाणी आणि रस्त्याकडेची पट्टी

जत तालुक्यासारख्या अवर्षणाच्या प्रदेशात फुलझाडांविषयी लिहिणे म्हणजे उपाशी माणसापुढे अत्तराची कुपी धरण्यासारखे आहे, असे कित्येक वाचकांस वाटेल. हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे आमचे म्हणणे नाही. येथे वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातीलही मोठा भाग उत्तरा-हस्ताच्या सुमारास येतो. म्हैसाळ योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागास मिळू लागले असले, तरी पाऊस चुकलेल्या वर्षी टँकरची वाट पाहणे पुष्कळ गावांच्या नशिबी येतेच. अशा ठिकाणी पिण्याच्या पाण्याची एक घागरही फुलझाडास घालणे हा अविचार होय. परंतु याच गावांत प्रत्येक घरातून रोज जे सांडपाणी बाहेर पडते त्याचे काय होते, याचा विचार कोणी करतो काय?

थोडा हिशेब करून पाहू. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातील दर माणशी दररोज 55 लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरास हे पाणी 275 लिटर होते. पैकी निम्मेच मोरीतून बाहेर जाते असे धरले, तरी ते 135 लिटरांहून अधिक भरते. टंचाईच्या दिवसांत हा आकडा पुष्कळच खाली येतो; तथापि आंघोळ व भांडी यांचे पाणी कोणत्याही घरी शून्य नसते. आता घरापुढे वीस फूट लांब व तीन फूट रुंद पट्टी आहे असे समजा. तीस दिवसाला पाच मिलिमीटर ओल द्यावयाची झाल्यास सुमारे 28 लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी पुरे होते. हेच पाणी आज रस्त्यावर पसरून चिखल करते, डासांस जन्म देते आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणे लावते.

घराची भिंत आणि रस्त्याची कड यांमध्ये जी दोन-चार हातांची पट्टी असते तिची अवस्थाही अशीच आहे. ती कोणाचीच नाही, म्हणून तिची निगाही कोणी राखीत नाही. रिकामी जमीन मात्र रिकामी राहत नाही; तिचा ताबा गाजर गवत घेते. 1955 च्या सुमारास हे गवत पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे ते सर्व देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अंगावर खाज व पुरळ उठते, परागाने कित्येकांस दम्याचा त्रास होतो, आणि जनावरांसही ते चारा म्हणून उपयोगी नाही. त्याच्याशी स्पर्धा करून त्यास मागे रेटणाऱ्या झाडांत झेंडूची गणना तणशास्त्रज्ञ करतात. तेव्हा ते फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे आणि मोकळ्या झालेल्या जागी झेंडू लावावा, हे शोभेइतकेच आरोग्याचेही काम आहे.

कोणती झाडे लावावीत? शहरातील रोपवाटिकेतून महागडी रोपे आणून ती चैत्र-वैशाखात वाळलेली पाहण्यापेक्षा आपल्या हवेस सरावलेली झाडे निवडावीत. झेंडूचे रोप आषाढात टाकावे, साधारण महिन्याने ते दीड-दोन फुटांवर लावावे, आणि रोप धरल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून दसऱ्यास फुले हाती येतात. पुढे दिवाळी आणि गुड्डापूरच्या दानम्मादेवीची कार्तिक अमावास्येची यात्रा येथपर्यंत तोडा चालू राहतो. गलांडा कमी पाण्यावर तग धरतो. गुलबक्षी एकदा लावली की तिचा कंद जमिनीत राहून पावसाबरोबर पुन्हा फुटतो. सदाफुलीस शेळी सहसा तोंड लावीत नाही. तिला कुंपणाची गरज नाही. मोरीच्या तोंडाशी, जेथे सदैव ओल असते, तेथे कर्दळ शोभते. आपल्या माळावरचा तरवडही पिवळ्या फुलांनी दारास शोभा आणतो, आणि गुरे तो सहसा खात नाहीत. कण्हेर सुंदर व चिवट खरी, परंतु तिचे सर्वांग विषारी आहे. मुले खेळतात व जनावरे बांधतात तेथे ती लावू नये.

सांडपाणी देताना काही पथ्ये पाळावीत. ते साठवून ठेवू नये, त्याच दिवशी द्यावे. कपड्यांच्या सोड्याचे पाणी वगळावे, कारण त्यातील खार जमिनीत साचतो. मोरीच्या तोंडाशी खडी-वाळूचा लहान खड्डा करावा, म्हणजे खरकटे व तेलकटपणा तेथेच अडतो. आणि घरात पाणी किती राखावयाचे व किती सोडावयाचे, याविषयी ज्या माउल्या ते वाहून आणतात त्यांचाच शब्द अखेरचा मानावा.

शेतकऱ्यास यातून मिळकत काय, असा प्रश्न होईल. सणाच्या दिवशी बाजारातून चढ्या भावाने आणलेली फुले वाचतात, हे उघडच आहे. याखेरीज झेंडूच्या मुळांतील द्रव्य जमिनीतील सूत्रकृमींस मारक असते, म्हणून डाळिंबाच्या बागेत झाडांमधून तो लावण्याचा सल्ला कृषिशास्त्रज्ञ देतात. दारी झेंडू पिकविणाऱ्यास हे बी घरचेच मिळते; मात्र ते गावठी जातीचे धरावे, संकरित झाडाचे बी पुढील वर्षी मूळच्यासारखे उतरत नाही. वस्तीच्या आसपास फुले असली म्हणजे मधमाशांस उपाशी काळात आधार होतो, आणि सूर्यफुलाचे दाणे भरण्यास मधमाशा किती उपयोगी पडतात हे वाचकांस सांगावयास नकोच.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले, आणि रस्त्याकडेच्या पट्टीवरून निघालेली भांडणे त्याने पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या वर्षी फुलझाडांची ओळ, दुसऱ्या वर्षी शेळ्यांच्या निमित्ताने काटेरी कुंपण, तिसऱ्या वर्षी दगडी बांध, आणि चौथ्या वर्षी वहिवाटीचा दावा! महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 20 अन्वये सार्वजनिक रस्ते व वाटा, दुसऱ्या कोणाची मालमत्ता नसतील तर, सरकारच्या मालकीच्या आहेत. आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 अन्वये रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार पंचायतीस आहे. तेव्हा रस्त्याकडेस फूल लावावे, पण हक्क लावू नये. कुंपण घालू नये, ओटा बांधू नये, वळणावर गुडघ्याहून उंच झाड वाढवू नये, आणि रस्त्याच्या कामासाठी पट्टी मागितली गेल्यास ती मुकाट्याने मोकळी करून द्यावी. आरंभी पंचायतीस तोंडी का होईना कळवून ठेवणे बरे.

पुष्कळांस ही अट जाचक वाटेल. जेथे मालकी नाही तेथे श्रम का करावे, असे ते विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, सातबाराच्या उताऱ्यावर नाव लागते तेवढीच जागा आपली मानली, तर गाव कोणाचाच राहत नाही. ज्या पट्टीवर आपण आपले सांडपाणी बिनदिक्कत सोडतो, तिच्यावर चार फुले लावण्याचे कर्तव्य तेवढे आपले नाही, हा न्याय उलटा आहे. स्वच्छ पाणी फुलांस घालावयाचे नाही आणि सार्वजनिक जागा आपलीशी करावयाची नाही, या दोन मर्यादा सांभाळून प्रत्येक वाचकाने येत्या आषाढात आपल्या दारी एक वाफा करून पाहावा, अशी आमची नम्र विनंती आहे.